गुलाबी मुठीचा साहेब

मे महिन्यातला दुसरा रविवार. हातात काम एकच होतं: बिराजदार अप्पांच्या घरातून कोयता काढून आणायचा. अप्पांना न कळता जमलं तर उत्तम. सांगून जमलं असतं तर मलाच आश्चर्य वाटलं असतं.

कोयता म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो येतो, तसला हा नव्हे. अप्पांच्या कोयत्याची मूठ गुलाबी आहे. मांडवाच्या झालरीला शोभेल अशी भडक गुलाबी. तो सांडपाण्याच्या प्लॅस्टिक पाइपातून कापून काढलेल्या म्यानात राहतो आणि म्यानाला शाळेच्या दप्तराचा पट्टा आहे. शिवाय त्याला कोयता म्हणायचं नाही, साहेब म्हणायचं. "साहेब आज मूडमधी न्हाईत" म्हणजे धार गेली. "साहेब दौऱ्यावर हायत" म्हणजे लोहाराकडे टाकलाय. हे साहेब काय प्रकरण आहे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नोकरीत सगळा जन्म साहेबांनी मला हाताळलं, अक्का. आता मी साहेबाला हाताळतो की."

अप्पा आमच्या कॉलनीत अगदी शेवटच्या घरात राहतात. एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सुवर्णा पुण्याला असते. अप्पा एका बँकेत कॅशियर होते. काचेमागं बसून नोटा मोजण्यात हयात गेली. नावावर गुंठाभर शेत नाही, आणि कुंडीतली तुळससुद्धा बायकोच लावायची. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, योगासनांना जातात. अप्पा ओढ्यावर गेले.

कॉलनीच्या मागं ओढा आहे. त्याच्या काठानं एक पायवाट मागच्या वस्तीतून निघते, अप्पांच्या मागच्या दारावरून जाते आणि पुढं हमरस्त्याला लागते. तिथं वेडी बाभूळ माजते. तिला लक्ष द्यायला नको, पाणी घालायला नको. तुम्ही चार आठवडे तिकडे फिरकला नाहीत की वाट गेलीच म्हणून समजा. अप्पा दर रविवारी ती बाभूळ तोडायचे. कशासाठी, असं कुणी विचारलं तर एकच उत्तर: "साहेबाला व्यायाम लागतो."

हमरस्त्यावर माझा शाळेचे गणवेश आणि दप्तरं शिवायचा कारखाना आहे. कामाला येणाऱ्या बायका वस्तीतल्या, त्या त्याच वाटेनं ये-जा करतात. मी स्कूटरवरून डांबरी रस्त्यानं जाते. त्यामुळे वाटेचं मला सुखदुःख नव्हतं. पण कॉलनीची सेक्रेटरी मी आहे, कारण त्या मीटिंगला 'नाही' म्हणायला मी हजर नव्हते. म्हणून सुवर्णाचा फोन मला आला.

"काकू, मला सगळं कळलंय," ती म्हणाली. "गुरुवारी पोलिसांनी अप्पांना अडवलं. पायाला कोयता लागून टाके पडलेत तेही त्यांनी लपवलं. हात किती थरथरतो तुम्ही बघताच की. मी सोमवारी येतेय. कोयता घरात दिसला, तर अप्पांना गाडीत घालून इकडं आणणार. कायमचं. घर भाड्यानं देऊन टाकते."

तिचं काही चुकत नव्हतं. पेपरात रोज कुणी ना कुणी पोरं कोयते नाचवताना पकडली जात होती. अशा दिवसांत एक म्हातारा खांद्याला पाइप अडकवून हमरस्त्यावर फिरतो म्हटल्यावर नाक्यावरचा हवालदार अडवणारच. अप्पांनी त्याला वजनाचा तोल कसा बघायचा ते समजावून सांगितलं. पातं बोटावर आडवं धरून दाखवलं, मग त्यालाही धरायला लावलं. हवालदार भला माणूस, त्यानं धरलं. पण शेवटी बजावलं, "आज सोडतो. परत रस्त्यावर दिसला तर कोयता जप्त, आन् तुमी आत."

म्हणजे अप्पांकडे एक रविवार शिल्लक होता. माझ्याकडेही.

मी सकाळी नऊला त्यांच्या घरी पोचले. पुढचं दार नुसतं लोटलेलं. "अप्पा?" उत्तर नाही. स्वयंपाकघरात कप विसळून पालथा घातलेला. मोबाइल चार्जिंगला लावलेला. मागचं दार उघडं, त्याच्यासमोर पायवाटेकडे तोंड करून प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली. टीव्हीकडे पाठ. हे मी पाहिलं आणि पुढं गेले, कारण माझं लक्ष दाराशेजारच्या खिळ्याकडे होतं. खिळा रिकामा होता.

सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन, टाके पडलेला पाय, थरथरता हात आणि धार लावलेला साहेब. आणि फोन इथं. मी स्कूटर काढली.

पहिला संशय लोहारावर. नाक्याच्या अलीकडे, चिंचेखाली त्याची भट्टी आहे. या माणसाला अप्पांनी जेवढं छळलं तेवढं त्याच्या सासऱ्यानंही छळलं नसेल. सुवर्णा म्हणते, अप्पांनी कोयता निवडायला जेवढा वेळ घालवला तेवढा तिच्यासाठी स्थळ बघताना घातला नाही. आधी श्रीपूरला जाऊन ऊसतोड्यांच्या तळावर दिवसभर बसले आणि एक हलका, पातळ कोयता घेऊन आले. महिन्याभरात तो वाकला. "ह्यो उसाचा. उसाला लाड चालतात. बाभळीला मार लागतो." मग मोहोळच्या बाजारातून एक जाडजूड आणला. त्यानं अप्पांचा खांदा धरला. "ह्यो नारळवाल्याचा. एका जागी बसून मारायचा." शेवटी भंगारातला ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा आणून या लोहारासमोर टाकला आणि स्वतः समोर बसून राहिले. पातं पुढं रुंद पाहिजे, मागं निमुळतं पाहिजे. "वजन पुढं, अक्कल मागं," हे त्यांचं पालुपद. लोहार म्हणायचा, "अक्कल तुमी घिऊन या, वजन मी घालतो."

मग मूठ. शिसवीची केली तर घामानं निसटायची. बाभळीची केली तर हाताला झिणझिण्या यायच्या. चिंचेची बसली, मग तिला चादरीच्या मागावरचं वाया गेलेलं सूत गुंडाळलं, आणि त्यावर रंग. गुलाबी का? "गवतात पडला तर सापडाया पायजे की. गुलाबी काय आपल्या माळावर उगवत न्हाय."

या सगळ्यात आम्हीही सुटलो नाही. दोन-तीन महिन्यांपूर्वी अप्पा सुताचा तुकडा घेऊन माझ्या कारखान्यात आले आणि एकेका बाईच्या तळहाताचं माप घ्यायला लागले. म्हणे, बायकांची मूठ कशी असते त्याचा अभ्यास चाललाय. माझ्याजवळ आले तेव्हा मी कापड कापत होते. "कात्री सोडू नका अक्का. धरलीय तशीच धरा." त्यांनी माझ्या मुठीभोवती सूत फिरवलं, गाठ मारली, खिशात घातली. मी म्हटलं, "अप्पा, बांगड्या भरताय की काय मला?" बायका मशिनी थांबवून हसल्या. अप्पांनी जाताना माझ्या दप्तराच्या पट्ट्यांतला एक उरलेला पट्टा तेवढा मागून नेला.

लोहारानं मला लांबूनच पाहिलं आणि हातोडा खाली ठेवला.

"ताई, बरं झालं आलात. अप्पांचं डोकं काय ठिकाणावर न्हाय."

"आले होते का इथे?"

"सकाळी भट्टी पेटवायच्या आदी. म्हैन्यापूर्वी मूठ घासून बारीक करून घेतली. म्हणलं, अप्पा, तुमच्या हातात राहणार न्हाय. म्हणले, राहू दे. आज म्हणतात धार उलटी कर."

"उलटी म्हणजे?"

"कोयत्याला एका अंगानं धार उतरवायची असती. तवा पातं लाकडात घुसतं. ह्यांनी दुसऱ्या अंगानं लावाया लावली. आता ते मारणार हिकडं आन् कोयता जाणार तिकडं. मी चार वेळा इचारलं. म्हणले, मला कळतं. काय कळतं? पाय तोडून घेतील की!"

"गेले कुठं?"

त्यानं ओढ्याच्या दिशेनं हात केला. "घटकाभर झाली."

पायवाट हमरस्त्याला जिथं लागते तिथं मी स्कूटर लावली आणि आत शिरले. बाभळीचे काटे साडीला धरत होते. सोडवत बसायला वेळ नव्हता, फाटू दिली. हाक मारली नाही. ज्याच्या हातात उलट्या धारेचा कोयता आहे आणि हात ताब्यात नाही, त्याला दचकवायचं नसतं एवढं मला कळतं. कान देऊन चालत राहिले. आधी काहीच ऐकू येईना. मग एक बोथट आवाज. मग लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज, आणि त्यानंतर बराच वेळ काही नाही. मी पाय उचलला.

वळणापलीकडे अप्पा उभे होते. डोक्याला पंचा, पोटरीला पट्टी, पट्टीवर ताजं लाल. त्यांनी कोयता उचलला. डाव्या हातात.

अप्पा डावखुरे नाहीत. जन्मभर उजव्या हाताच्या अंगठ्यानं नोटा सरकवलेला माणूस. डाव्या हातानं त्यांना शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही. तो कोयता डोक्यावर गेला, तिथं डगमगला आणि खाली आला. फांदीला चाटून, त्यांच्या चपलेच्या वीतभर अलीकडे मातीत घुसला. त्यांनी उपटला. पुन्हा उचलला.

मी फिरून त्यांच्या समोरच्या बाजूला गेले, त्यांना दिसेन अशी उभी राहिले. घाव खाली आला, पातं मातीत गेलं, तसं पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं.

"सोडा."

"अय्यो, अक्का!" ते घामानं निथळत होते. "तुमी कशाला आलात? आजून झालं न्हाय की."

"काय झालं नाही?"

"काय न्हाय." त्यांनी नजर फिरवली. "सुवर्णानं फोन केला व्हय तुमाला?"

"केला. उद्या येतेय ती. साहेब घरात दिसला तर तुम्हाला नेणार आहे."

"ठावं हाय." ते तिथंच बांधावर टेकले. "तिच्याकडं ऱ्हाऊन आलोय मी. पोरगी लई चांगली, जावई चांगला. पण लिफ्टमधी सगळे खाली मोबाइलात बघत्यात. आठ दिवसांत एकानं इचारलं न्हाय, अप्पा, कुठं चाललात."

त्यांच्या पट्टीवरचं रक्त वाढत नाहीये एवढं बघून घेतलं.

"साहेब द्या इकडे," मी म्हटलं.

त्यांनी पंच्यानं पातं पुसलं. हत्यार द्यायची त्यांची रीत आहे, पातं आपल्याकडे, मूठ समोरच्याकडे. तशी मूठ त्यांनी पुढं केली. मी घेतली. मी सगळ्याच वस्तू घेते तशी, डाव्या हातानं.

आणि ती बसली.

मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, पण प्रयत्न करते. मी जन्माची डावखुरी. कारखान्यात माझी कात्री वेगळी आहे, डाव्या हाताची, खास मागवलेली. दुसऱ्या कुणी वापरली तर कापड चावते, म्हणून तिला कुणी हात लावत नाही. त्या कात्रीखेरीज या जगात माझ्या हातासाठी केलेली वस्तू मी पाहिलेली नाही. झारा, उलथनं, किसणी, सगळं मी उलटं धरून निभावत आले. आणि ही मूठ माझ्या चार बोटांना चार जागा ठेवून होती. अंगठ्याला आधार होता. मी पातं उन्हात धरून पाहिलं. धार बरोबर माझ्या कात्रीच्या अंगानं उतरवलेली.

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा बाभळीकडे बघत होते.

"लोहार मला येडा म्हणला," ते म्हणाले.

"मला विचारायचं होतं आधी."

"इचारलं असतं तर तुमी न्हाय म्हणाला असता."

हे खरं होतं.

"सगळ्यांची मापं कशाला घेतलीत मग?"

"एकट्या तुमचं घेतलं असतं तर कळलं असतं की. आन् बाकीच्यांस्नी घरची कामं काय कमी हायत? तुमी ती कात्री कशी ठेवता बघितलंय मी. काम झालं की पुसून, तेल लावून, खिळ्याला." त्यांनी पंचा पिळला. "तोल नीट आलाय का कळंना. म्हणून डाव्या हातानं मारून बघत हुतो. चुकीचा दिला असता तर तुमी नावं ठेवली असती."

"ठेवलीच असती," मी म्हटलं. "चला, ऊन वाढलंय."

म्यान अप्पांच्या मांडीवर आडवं, अप्पा मागं बसलेले, अशी मी स्कूटर हमरस्त्यावर घेतली. आणि समोर तोच हवालदार. आम्हाला ओळखायच्या आधी त्यानं पाइप ओळखला.

"थांबा, थांबा. अप्पा! गुरवारी काय सांगितलं हुतं तुमाला?"

अप्पांनी पाइप माझ्या पाठीआड सरकवला.

"उतरा खाली. आता माझ्या हातात न्हाय. ठाण्यात चला, साहेबांना काय सांगायचं ते सांगा. कोयता कुणाचा हाय ह्यो?"

ठाण्यात गेले की सुवर्णाला फोन. सुवर्णाला फोन की उद्याची गाडी.

"माझा," मी म्हटलं.

हवालदारानं माझ्याकडे, फाटलेल्या साडीकडे, मग अप्पांकडे पाहिलं. "ताई, म्हाताऱ्याला वाचवायला खोटं बोलू नका."

"खोटं कशाला बोलेन? वाट साफ करायला करून घेतलाय. हे पायाला लागलंय म्हणून यांना दवाखान्यात नेतेय."

"तुमचा हाय तर चालवून दाखवा."

आयुष्यात मी कोयता चालवलेला नव्हता. रस्त्याच्या कडेला बाभळीची मनगटाएवढी फांदी आडवी आली होती. मी म्यानातून साहेबाला काढलं. मागून अप्पांचा आवाज आला. अगदी हळू, पाढे म्हटल्यासारखा. "वजन पुढं, अक्कल मागं."

मी जोर केला नाही. नुसता हात सोडला. बाकीचं त्या लोखंडानं केलं. फांदी एका घावात खाली पडली.

हवालदारानं तुकडा उचलून कापलेली बाजू पाहिली. मग माझा डावा हात पाहिला. मग अप्पांना म्हणाला, "तुमी चालवा बघू." अप्पांनी निमूटपणे शेजारच्या फांदीवर उजव्या हातानं एक घाव घातला. पातं फांदीवरून निसटून बाजूला गेलं.

"बरोबर हाय. तुमचा न्हाय ह्यो." त्यानं गुलाबी मुठीवर बोट आपटलं. "तरी मी म्हणतोय, गुलाबी कसा. बाईमाणसाचाच असणार."

हा अपमान होता की सुटका, याचा विचार मी करत बसले नाही. सुटका पदरात पाडून घेतली. "पोत्यात गुंडाळून नेत जा, ताई. आन् अप्पांच्या हातात दिसला न्हाय पायजे."

दवाखान्यात टाके पुन्हा घातले. दुपारी सुवर्णाला फोन लावला.

"कोयता माझ्याकडे आहे. माझ्या घरी, माझ्या खिळ्यावर."

"ते मागायला येतील, काकू. तुम्ही द्याल."

"येऊ देत. त्यांच्या हातात तो बसतच नाही आता."

ती म्हणाली, "मग त्यांनी करायचं काय दिवसभर?"

उद्या येशील तेव्हा बघू, म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुवर्णा पोचायच्या आधी, मी स्कूटर काढली नाही. साहेबाला पोत्यात गुंडाळून चालत अप्पांच्या घराच्या मागं गेले आणि त्यांच्या दारापासून बाभूळ तोडायला सुरुवात केली. अप्पा दारात खुर्चीवर बसले होते. पाय स्टुलावर. त्यांच्या सूचना थांबत नव्हत्या. बुडातून घ्या. वरनं काय छाटता, न्हावी हाय काय? काटा ओढ्याकडं टाका. मी दोनदा सांगितलं की गप्प बसा, नाहीतर साहेब परत करीन. दोन्ही वेळा ते क्षणभर गप्प बसले.

मग वस्तीकडून माझ्या कारखान्यातल्या बायका यायला लागल्या. मला कोयत्यानिशी बघून पहिली थबकली, पण तिचा पहिला शब्द माझ्यासाठी नव्हता. "अप्पा, चहा झाला का?" अप्पा म्हणाले, "झाला की." दुसरी आली. "अप्पा, पाय कसा हाय?" तिसरीनं रुमालातून चटणी काढून खुर्चीच्या हातावर ठेवली. चौथी नुसतीच म्हणाली, "अप्पा, येते हं." एकेक करून सगळ्या गेल्या. प्रत्येकीला अप्पांनी वेगळं उत्तर दिलं, आणि शेवटची वळणाआड जाईपर्यंत मान तिकडेच ठेवली. खुर्ची टीव्हीकडे पाठ करून का असते, हे मला आता कुणी सांगायला नको होतं. वाट बुजली, सगळ्या डांबरी रस्त्यानं गेल्या, तर त्या दारावरून कुणालाच जावं लागत नाही.

मी वळणापर्यंतची वाट मोकळी केली. पातं पुसलं. अप्पांनी आतून तेलाची बाटली आणून ठेवली होती, तेल लावलं आणि साहेबाला पाइपात घातलं. कारखाना उघडायची वेळ टळून गेली होती. मी पोतं उचललं, वाटेला लागले, आणि चार पावलांवरून मागं वळून विचारलं, "अप्पा, चहा झाला का?"

"झाला," अप्पा म्हणाले. "पण अजून एकदा होईल की."

मी पोतं खाली ठेवलं.